सोन्याखालची माती

'रंगवलेलं फर्निचर' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सरकारी ऑफिसातलं करड्या रंगाचं कपाट, नाहीतर शाळेतला ऑइल पेंटचा बाक. चांगलं लाकूड म्हणजे साग आणि साग म्हणजे पॉलिश, हे आपलं समीकरण पक्कं आहे. लाकडाला रंग मारलेला दिसला की खाली काहीतरी लपवलंय असा संशय आपल्याला येतो. (आणि बहुतेक वेळा तो खराच असतो!) त्यामुळे अठराव्या शतकात इटलीतले राजे आणि सरदार मुद्दाम रंगवलेल्या, सोन्याचा वर्ख चढवलेल्या खुर्च्यांवर बसायचे हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. पण खरं आश्चर्य पुढेच होतं. त्या खुर्च्यांच्या रंगाखाली जे थर असतात, जवळजवळ तेच थर बुरोंडीला आमच्या आजीच्या देव्हाऱ्यावर निघाले! मटेरियल सायन्सच्या पुस्तकात 'कोटिंग' हा विषय जेमतेम 4 पानांत संपतो, म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. एकोणसाठ की एकोणसत्तर याचा मी अजून मनात हिशोब करते. तेव्हा आकडे अंकातच लिहिते आहे, सांभाळून घ्या.

तर आधी इटली. 1738 साली हर्क्युलेनियम आणि 1748 साली पॉम्पेई या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन गावांचं उत्खनन सुरू झालं. भिंतींवरची चित्रं, कांस्याचे दिवे, तिवया, कलश असं काय काय बाहेर यायला लागलं, आणि बघता बघता सगळ्या युरोपला जुन्या रोमचं वेड लागलं. त्याआधी फॅशन होती ती वळणावळणांच्या, शंखशिंपल्यांच्या नक्षीची. खुर्चीचा पाय सरळ म्हणून नसायचाच. आता तो सरळ झाला, खाली निमुळता झाला, देवळाच्या खांबासारख्या उभ्या पन्हळी त्यावर आल्या. पाठीवर आणि कडांवर कलश, पानांच्या माळा, गोल फुलं. यालाच निओक्लासिकल शैली म्हणतात. पिरानेसी नावाच्या चित्रकाराने 1769 साली शेकोट्यांच्या आणि घरातल्या इतर वस्तूंच्या डिझाइनचं एक मोठं पुस्तक काढलं. त्यात रोमन, इट्रस्कन आणि चक्क इजिप्शियन नक्षीची सरमिसळ आहे. तुरिनला बोन्झानिगो (1745 ते 1820) हा लाकडावर कोरीव काम करणारा कारागीर राजदरबारासाठी काम करायचा. त्याच्या वस्तूंवरची फुलं आणि पानं इतकी बारीक असतात की ती लाकडातून काढलीत हे सांगावं लागतं.

इंग्लंडमध्ये महोगनी होती, फ्रान्समध्ये एकाहून एक परदेशी लाकडं. इटलीतले सुतार मात्र बऱ्याचदा पॉपलर, लिंडेन, पाइन असली गावठी, मऊ लाकडं वापरायचे. मऊ लाकूड कोरायला सोपं आणि स्वस्त, पण दिसायला अगदीच सामान्य. म्हणून वर रंग. फिकट हिरवा, फिकट निळा, सायीसारखा पांढरा, आणि कोरलेल्या भागावर सोनं. म्हणजे आपला संशय बरोबरच होता, काहीतरी लपवलेलं होतं! फक्त लपवण्याचं काम त्यांनी इतकं मन लावून केलं की आज किंमत त्या लपवण्याचीच आहे. वरचा मूळ थर कुणी खरवडून काढला, की खाली उरतं ते जळाऊ लाकडाच्या भावाचं पॉपलर.

आता हे थर नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

लाकडावर सोनं थेट बसत नाही. लाकूड खरखरीत असतं, त्यात छिद्रं असतात, आणि सोन्याचा वर्ख इतका पातळ की खालचा प्रत्येक रेषा-खड्डा वर दिसतो. किती पातळ? आजचा वर्ख साधारण 0.1 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. सोन्याची घनता 19.3. गणित केलंत तर 1 ग्रॅम सोन्यात अर्धा चौरस मीटर जागा मढते. (जुन्या काळचा वर्ख यापेक्षा जाड असायचा, त्यामुळे तेव्हा थोडी कमी मढत असेल.) म्हणजे 'सोन्याची खुर्ची' म्हणून आपण जिच्याकडे तोंड वासून बघतो, तिच्यावर कानातल्या रिंगांएवढंही सोनं नसेल!

तर आधी लाकडावर सरस लावायचा. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला गोंद. मग त्याच सरसात पांढरी भुकटी कालवून तिचे थरावर थर द्यायचे. इटलीत ही भुकटी जिप्समची असायची, उत्तर युरोपात खडूची. आधी जाडेभरडे थर, मग बारीक. सुकला की घासायचा, पुन्हा पुढचा. याला जेसो म्हणतात. चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने साधारण 1400 साली लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत ही सगळी पद्धत सांगितली आहे, आणि पुढची 400 वर्षं तिच्यात फारसा बदल झाला नाही. आपली प्रॅक्टिकलची जर्नल्ससुद्धा वर्षानुवर्षं तीच असतात, पण ते कारण वेगळं!

या पांढऱ्या थरावर येते माती. खरीखुरी माती. लालसर, अतिशय बारीक कणांची, लोहाचा अंश असलेली चिकणमाती पातळ सरसात कालवून लावतात. तिला बोल म्हणतात. हिचं काम दुहेरी. पातळ सोन्यातून खालचा रंग किंचित झिरपतो, त्यामुळे तांबड्या मातीवरचं सोनं ऊबदार दिसतं. आणि दुसरं म्हणजे ही माती गुळगुळीत होते, दाबली की किंचित दबते. तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, खालचा सरस जागा होतो, आणि वर्ख अलगद सोडला की तो झटकन ओढून घेतला जातो. थोडं वाळलं की अकीक दगडाने घोटायचं. चेन्निनीच्या काळी कुत्र्याच्या दातानेही घोटायचे म्हणे. घोटताना सोन्याचा पत्रा खालच्या मातीत बसतो आणि आरसा होतो. ही झाली पाण्याची पद्धत. दुसरी तेलाची. चिकट तेल लावून त्यावर वर्ख चिकटवायचा. ती सोपी, दमट हवेत जास्त टिकाऊ, पण तिला घोटता येत नाही, म्हणून तशी झळाळी येत नाही.

यातली मेख लक्षात आली का? पाण्याच्या पद्धतीत सगळा डोलारा सरसावर उभा आहे, आणि सरस पाण्यात विरघळतो. जुन्या सोनेरी चौकटीवरून कुणी ओलं फडकं फिरवलं तर 'धूळ' म्हणून जे फडक्याला लागतं ते सोनं असतं.

इटलीतली अजून एक युक्ती सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. सगळ्यांनाच सोनं परवडत नव्हतं. मग चांदीचा वर्ख लावायचा, घोटायचा आणि त्यावर पिवळसर, पारदर्शक रोगणाचा हात द्यायचा. लांबून हुबेहूब सोनं. या प्रकाराला तिकडे 'मेक्का' म्हणतात. आणि व्हेनिसमध्ये तर ज्यांना चित्रकारही परवडत नव्हता ते छापलेली चित्रं कापून, रंगवून, फर्निचरवर चिकटवायचे आणि वर रोगणाचे थरावर थर द्यायचे. त्याचं नाव 'लाक्का पोवेरा', म्हणजे गरिबांची लाख. 'लाक्का' हा शब्द ऐकल्यासारखा वाटला ना? तो आपलाच आहे. संस्कृतातलं 'लाक्षा', आपली 'लाख', ती फारसी-अरबी व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेली आणि लाक्का, लॅकर झाली. मजा म्हणजे व्हेनिसच्या लाक्कात लाख असेलच असं नाही. चिनी-जपानी लॅकरची नक्कल करायला ते झाडांच्या राळेचं रोगण वापरायचे. शब्द आमचा, नक्कल चीनची, माल तिसराच!

हे सगळं इटलीतच राहिलं असतं तर मी हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता. पण इथून खाली गोव्यात गेलं तरी सोनं भेटतं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे, ती फ्लॉरेन्सच्या फॉजिनी या शिल्पकाराने बनवली आणि 1698 साली इथे बसवली. लोक ती बघतात आणि पुढे सरकतात. मी सांगेन की मागे वळून मुख्य वेदी बघा. छतापर्यंत चढत गेलेलं लाकडी कोरीव काम, आणि सगळं सोन्याने मढवलेलं. शैली निओक्लासिकलच्या आधीची आहे, पिळाचे खांब वगैरे, पण तंत्राचं घराणं एकच. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या आत, जिथे ऊन-पाऊस थेट येत नाही अशा ठिकाणी ते टिकलं. आमच्या शाळेच्या चॅपलमध्येही वेदीला दोन छोटे सोनेरी खांब होते. त्यांना हात लावला की सिस्टर ओरडायच्या. तेव्हा वाटायचं देवाचं म्हणून ओरडतात. आता कळतं, बोटांचा घाम आणि मीठसुद्धा त्या सोन्याला चालत नाही.

आणि गोव्याची हद्द ओलांडली की सावंतवाडी. रंगवलेल्या लाकडी सामानाची महाराष्ट्रातली राजधानी कुठली असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून हेच नाव घेईन. आपल्याला सावंतवाडी माहीत असते ती लाकडी फळांमुळे. खरं वाटावं असं केळं, मिरची, काजू. पण तिथे पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे, पेट्या, खुर्च्या हेही रंगतात आणि लाखेने चमकतात. हे काम करणारे चितारी. त्यांच्या नावाची चितार आळी आजही गावात आहे. सावंत-भोसले संस्थानाचा, विशेषतः तिसऱ्या खेमसावंतांच्या (1755 ते 1803) कारकिर्दीचा या कलेला आश्रय मिळाला. साल बघा, अगदी तोच काळ जेव्हा तुरिनमध्ये बोन्झानिगो फुलं कोरत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

चिताऱ्यांची दुसरी ओळख म्हणजे गंजिफा, हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात 10 अवतारांचे प्रत्येकी 12 असे 120 पत्ते असतात. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ संपली होती. 1970 च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कलाकाराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. आज दरबार हॉलमध्ये कलाकार बसून रंगवताना दिसतात, आणि पत्त्यावरचे तेच अवतार, तीच फुलवेलींची किनार खुर्च्यांवर आणि पेट्यांवरही उतरलेली आहे.

थरांचं काय? गंजिफाची पारंपरिक रीत अशी, की कापडावर चिंचोक्याच्या खळीचा हात द्यायचा, पांढरा थर चढवायचा, दगडाने घोटायचं, मग रंग, मग लाख. जेसोचा सरस गेला, चिंचोके आले. जिप्समच्या जागी खडू. घोटायचा दगड तोच! लाकडी सामानावर हेच तत्त्व. आणि जिथे वस्तू गोल आहे, म्हणजे पाळण्याची दांडी किंवा पोळपाट-लाटण्याची खेळणी, तिथे कातावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होते (75-80 अंशांना होते) आणि लाकडावर पसरते. ना ब्रश, ना थिनर, ना वाळायची वाट बघणं. आपल्या वर्कशॉपमध्ये लेथवर चिप काढताना तापलेल्या जॉबने बोट भाजून घेणाऱ्यांनी हा उपयोग जरूर लक्षात घ्यावा.

आता बुरोंडी. दापोली तालुक्यातलं हे समुद्रकाठचं गाव लोकांना माहीत असतं ते पृथ्वीच्या गोलावर उभ्या असलेल्या भल्यामोठ्या परशुरामामुळे. आमचं घर तिथून खाली, जांभ्याचं आणि कौलारू. माजघरात आजीचा देव्हारा. सागाचा, उंचीला माझ्या खांद्याइतका, चार कातीव खांब, वर घुमटी, पुढे दोन मोर. जमीन हिंगुळासारखी लाल, खांबांवर हिरवी वेल, आणि मोरांना आणि घुमटीच्या कळसाला सोनेरी. घरात सगळे त्याला 'सोन्याचं पाणी दिलेला देव्हारा' म्हणायचे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. लॉकडाऊनमुळे आम्ही बुरोंडीतच होतो. माजघरावरची कौलं उडाली आणि देव्हारा दोन दिवस भिजला. देव आजीने पदराखाली धरून पडवीत आणले होते, देव्हारा हलवणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं तसा काकांनी चौघांच्या मदतीने तो उचलून अंगणात उन्हात ठेवला. त्यांच्या मनात वाळावा एवढंच होतं. संध्याकाळपर्यंत लाल रंग तंबूसारखा उभा राहिला आणि पापुद्रे गळायला लागले. मी तेव्हा दहावीत. करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून मी ते पापुद्रे वेचले आणि एका टिफिनच्या डब्यात कापसावर ठेवले.

भिजताना टिकलेला रंग वाळताना का निघाला? याचं उत्तर मला तिसऱ्या वर्षी मिळालं. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. हवेत आर्द्रता 50 टक्के असली तर लाकडात वजनाच्या साधारण 9 टक्के पाणी राहतं, 90 टक्के असली तर सुमारे 20. पाणी वाढलं की लाकूड फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ शून्य, रुंदीत भरपूर. साग यात शहाणा समजला जातो, तरी पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत तो वार्षिक वलयांच्या दिशेने 5.8 टक्के आटतो. लाकडाच्या पेशींच्या भिंती साधारण 30 टक्क्यांना तृप्त होतात, म्हणजे पाण्याच्या प्रत्येक टक्क्यामागे 0.19 टक्के. 20 चे 9 झाले तर 11 गुणिले 0.19, म्हणजे 2.1 टक्के. 300 मिलिमीटर रुंदीची फळी सहा मिलिमीटरच्या वर आटली! प्रत्यक्षात जाड फळी एवढी टोकापर्यंत जात नाही, निम्म्यावर थांबली असं धरू, तरी तीन मिलिमीटर होतात. आता तिच्यावर बसलेला खडू-सरसाचा थर बघा. तो वाळला की फरशीसारखा. त्याला आटता येत नाही. खालची जमीन आक्रसली, वरच्याला जागा उरली नाही, मग तो मधोमध उचलला जाणार नाहीतर काय? आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये ज्याला बकलिंग म्हणतो तेच हे. सगळ्या भेगा उभ्या रेषेत, लाकडाच्या शिरांना धरून पडतात, त्याचंही कारण हेच.

हे बुरोंडीच्या कोळ्यांना कुठल्याही फॉर्म्युल्याशिवाय माहीत आहे. पावसाळाभर वर ओढून ठेवलेली लाकडी होडी नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पाण्यात घालतात तेव्हा सुरुवातीला ती झिरपते. मग फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि सांधे आपोआप आवळतात. होडीला जे फुगणं तारतं, तेच देव्हाऱ्याच्या रंगाला मारतं.

या वर्षी मी ते पापुद्रे कॉलेजच्या मेटलर्जी लॅबमध्ये नेले. लॅबवाले काका आधी हसले, मग त्यांनाच उत्सुकता वाटायला लागली. पापुद्रा थंड जमणाऱ्या रेझिनमध्ये उभा बसवला आणि कडेकडून पॉलिश केला. एरवी आपण डिस्कवर पाणी सोडतो. इथे पाणी सोडलं तर सरस फुगून सगळंच फिसकटणार, म्हणून केरोसीनवर घासलं. मायक्रोस्कोपखाली दिसलं ते असं. तळाला लाकडाचे दोन-चार तंतू. त्यावर जाड, कणीदार पांढरा थर. (वेगळ्या तुकड्यावर सौम्य अॅसिडचा थेंब टाकल्यावर फसफसला, म्हणजे कार्बोनेट. खडू, चुना किंवा शिंपल्यांची भुकटी.) त्यावर केसाएवढी लाल रेघ, कावेची. तीच ती माती! आणि मातीवर धातूची चमकती रेघ, पण पांढरी. पिवळी नव्हेच. पिवळेपणा होता तिच्याही वरच्या पारदर्शक, तपकिरी थरात.

म्हणजे सोन्याचं पाणी वगैरे काही नाही. बेगड आणि त्यावर पिवळं रोगण. वर्षानुवर्षं धूप-कापूर आणि समुद्राची हवा खाऊनही काळी पडली नाही, म्हणजे चांदी नसावी, कथलाची बेगड असावी. कर्नाटकात किन्हाळचे चित्रगार अशाच रीतीने कथलाला सोन्याचं रूप देतात. व्हेनिसमधला 'मेक्का' आणि बुरोंडीतला मोर यांची युक्ती एकच निघाली. घरी सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा उतरला. आजी म्हणाली, "मला लग्न होऊन आले तेव्हापासून ठाऊक आहे. सोनं असतं तर कुळकायद्यात जमीन गेली त्या वर्षीच विकलं असतं." यावर कोण काय बोलणार!

लाल भागाचा तुकडा अजून मजेशीर होता. त्यात एकावर एक तीन लाल थर दिसले, मध्ये काजळीच्या दोन बारीक रेघा. म्हणजे देव्हारा आधीही दोनदा रंगवला गेला होता. प्रत्येक वेळी आधीचं न खरवडता, वरून. ज्याने कुणी रंगवला तो शहाणा होता.

कारण आता मुद्दा असा आहे की आमच्याकडे सुतारकाकांनी दिलेलं एस्टिमेट तयार आहे. सगळा जुना रंग थिनर आणि पॉलिश पेपरने काढायचा, लांबी भरायची, लाल ऑइल पेंट आणि मोरांना सोनेरी पेंट. ते माणूस म्हणून उत्तम आहेत आणि छपराचं काम त्यांनीच सुरेख केलं. पण यातली एकेक गोष्ट तपासून बघा. मोरावर स्पिरिटचा किंवा थिनरचा बोळा फिरवला तर पिवळं रोगण विरघळेल आणि सोन्याचे मोर पांढरे होतील. कोरड्या पॉलिश पेपरने जुना लाल रंग घासला तर धुरळा उडेल, आणि जुन्या लाल-पिवळ्या रंगांत हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड, नाहीतर शिसं असू शकतं. तो धुरळा माजघरात, स्वयंपाकघराच्या दाराशी! आणि बाजारातला सोनेरी पेंट म्हणजे पितळेची भुकटी. खाऱ्या हवेत तांबं-जस्त किती दिवस चकचकीत राहतं हे बुरोंडीत कुणालाही विचारा. घरातली समई दर सणाला चिंच लावून घासावी लागते, मोर कसे घासणार?

मग करायचं काय? यावर मी बरंच वाचलं. संवर्धन करणारे लोक सुटलेल्या पापुद्र्याखाली अतिशय पातळ, कोमट सरस किंवा जिलेटिन बारीक ब्रशने सोडतात, वर टिश्यू पेपर ठेवून हलक्या उबेने आणि दाबाने तो पुन्हा बसवतात. जिथे रंग गेलाच आहे तिथे पुढे काढता येईल असा भराव आणि फक्त तेवढ्याच जागेपुरता रंग. मूळ रंगावर नवा रंग चढू द्यायचा नाही. कुठलाही द्रव वापरण्याआधी मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या काडीने चाचणी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात यासाठी संवर्धन केंद्र आहे. आपल्या घरी असं काही असेल तर निदान कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झटकणं, उन्हात न ठेवणं आणि ओलं फडकं न लावणं एवढं तरी सगळ्यांना जमेल. भिजलंच तर सावलीत, वारं हळूहळू लागेल असं, आठवडे घेऊन वाळवायचं.

हे सगळं मी आजीला साग्रसंगीत समजावलं. इटलीच्या खुर्च्यांचे फोटोही दाखवले. तिने चष्मा लावून नीट बघितले आणि विचारलं, "यावर आता कोण बसतं?" मी म्हटलं, कुणी नाही, पुढे दोरी लावलेली असते. "मग? देव्हारा म्हणजे काय तुमचं म्युझियम आहे का गो? तिथे देव राहतात. रोज पाणी सांडणार, कुंकू सांडणार, निरांजन लागणार. देवाला पोपडे आलेल्या घरात ठेवू?"

आणि खरं सांगते, याला माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर नव्हतं. खुर्चीवर बसणं थांबवता येतं, पूजा थांबवता येत नाही. जी वस्तू रोज वापरात आहे तिचे थर झिजणारच, त्यावर तिसऱ्यांदा-चौथ्यांदा हात फिरणारच. तीन लाल थर तेच सांगत होते. पण थर चढवणं वेगळं आणि खरवडणं वेगळं, हे मी सोडलं नाही. आठ दिवस घरात याच विषयावर जेवणं झाली.

शेवटी ठरलं ते असं. देव जिथे बसतात ती तळफळी, जी पाण्याने कुजलीच होती, ती सुतारकाका नवीन सागाची करतील. तिला हवा तेवढा ऑइल पेंट, आणि वर काढता-घालता येणारं तांब्याचं ताट, म्हणजे अभिषेकाचं पाणी लाकडापर्यंत जाणारच नाही. निरांजन मोरांपासून वीतभर पुढे सरकलं. घुमटी, खांब आणि मोर यांना पॉलिश पेपर लागणार नाही. त्यांचे सुटलेले पापुद्रे बसवायला कुणी जाणकार मिळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी खेडहून गाडी पकडून सावंतवाडीला जाऊन चितार आळीत फोटो दाखवून येणार. आजीची एकच अट होती, की गणपतीत देव्हारा उघडाबोडका दिसता कामा नये. म्हणून या वर्षी घुमटीवर तिने स्वतः विणलेलं लोकरीचं तोरण होतं, पापुद्रे गेलेल्या जागेच्या बरोबर वर. टिफिनचा डबा माझ्या हॉस्टेलच्या कपाटात आहे. त्यावर मी मार्करने 'उघडू नये' असं लिहिलंय, कारण रूममेटने एकदा चिवडा समजून उघडला होता.